शिंपी आला होता

"आत कोणी आहे का?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला तेव्हा मी चादरीत होते. म्हणजे मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर एक जुनी चादर तंबूसारखी सोडली होती, आत स्टूल घेतलं होतं आणि चादरीला पाडलेल्या भोकातून कॅमेऱ्याचं नाक बाहेर काढून बसले होते. समोर जास्वंदीवर शिंजीर आला होता. अंगठ्याएवढा पक्षी… उन्हात आला की जांभळा, सावलीत गेला की काळा. फुलात चोच बुडवायच्या अगदी बेतात होता. अशा वेळी श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो.

"नाही," मी चादरीतूनच म्हटलं.

मग तोच आवाज, जरा हळू. "बरं. मग जे कोणी आत नाहीये, त्यांना निरोप द्या. दशा निघाल्यात."

"कोणाच्या?"

"चादरीच्या. त्या भोकाच्या कडेनं."

शिंजीर भुर्रकन गेला. मी चादर वर करून बाहेर आले, ती भांडायच्या तयारीनं. भिंतीवरून एक माणूस डोकावत होता. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी, आणि केस उन्हात जरासे तांबूस दिसणारे. मागच्या घरात नवीनच राहायला आलेले टेलर ते हेच, हे मोजपट्टीवरून कळलं. पाटी मी येता-जाता वाचली होती. मशीनची घरघर तर रोजचीच झाली होती.

"तुमच्या फोटोंत एक धुरकट रेघ येत असेल," त्यानं टाचणी हातात घेऊन सांगितलं. "दोरा लोंबतोय समोर."

रेघ येत होती. मी आठवडाभर लेन्स पुसत होते.

"ती मी मुद्दाम ठेवलीय," मी म्हटलं.

"अच्छा." तो हसला नाही, पण हसू कुठेतरी गालात अडवून ठेवल्यासारखं वाटलं. "तरी म्हटलं, काज करून देऊ का?"

"चादरीला?"

"भोकाला. एकदा पाडलं की त्याच्याकडे बघावं लागतं, नाहीतर ते आपलं आपण वाढत जातं. आत्ताच देत असाल तर द्या. मी इथे किती दिवस आहे, सांगता येत नाही. लांबच्या एका कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून बोलावलंय. हो म्हणायचं की नाही, ते तेवढं कळवायचंय."

मी चादर काढून दिली. का दिली, कोण जाणे. अनोळखी माणसाला भिंतीवरून चादर देणारी मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी चादर भिंतीवर घडी घालून ठेवलेली होती. भोकाभोवती निळ्या दोऱ्याचं गोल काज… इतकं सुबक, की कॅमेरा आत घालताना मलाच संकोच वाटला. आणि बाजूला, खालच्या अंगाला, दुसरं एक बारकं काज. न सांगता केलेलं.

"हे कशाला?" मी भिंतीवरून विचारलं.

"एक डोळा कॅमेऱ्याला लावता ना? दुसऱ्या डोळ्यानं काय करता?"

"मिटते."

"मग मिटू नका."

त्यानंतर रोज सकाळी स्टुडिओत जायच्या आधी मी चादरीत बसायची आणि दुसऱ्या डोळ्यानं बघायची. स्टुडिओ म्हणजे कोपऱ्यावरचं पासपोर्टच्या फोटोंचं दुकान. दिवसभर मी लोकांना हलू नका, हसू नका, हनुवटी खाली, असं सांगत असते, आणि लोक ऐकतात. म्हणूनच मला पाखरं आवडत असावीत. ती कोणाचं ऐकत नाहीत.

आणि त्या वसंतात आमच्या एवढ्याशा अंगणात नुसती धमाल होती. लालबुड्या बुलबुलांची जोडी नळावर भांडत होती. तांबट तर कपाळावर लाल, गळ्याला पिवळा, बाकी सगळा हिरवा… आणि इतका नटूनथटून सारखं एकच टुक-टुक-टुक. एकदा हळद्याही येऊन गेला. पिवळा रंग डोळ्यांत राहिला, फोटोत फक्त फांदी आली. जे मिळेल ते मी कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर त्याला भिंतीवरून दाखवायची.

"हा रंग कापडात नाही येत," शिंजीर बघून तो म्हणाला. "एकाच कापडात दोन रंग दिसतात कधीकधी, उभा दोरा वेगळा, आडवा वेगळा. पण हे… ह्याला धुवायचं कसं?"

"तो स्वतःच धुतो. नळाखाली."

"आणि इस्त्री?"

"ती तुम्ही करा."

असं काहीतरी आम्ही बोलत राहायचो. तेवढ्यात त्याची आई आतून हाक मारायची, "अरे, गिऱ्हाईक उभं आहे," आणि तो मोजपट्टी सावरत जायचा.

एक गोष्ट मात्र मी त्याला दाखवली नव्हती. भिंतीला लागून अंजिराचं झुडूप आहे. त्याच्या दोन रुंद पानांत एक इवलासा हिरवट पक्षी काहीतरी खटपट करत होता. डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी कायम उभी, आणि आवाज अंगाच्या दसपट. शिंपी. पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडायची, त्यांतून कापसाचा धागा ओवायचा, आणि दोन पानं शिवून पिशवी करायची, की झालं घर. घरट्याची जागा कोणाला सांगायची नाही, हा माझा नियम. ये-जा वाढली की कावळ्यांच्या लक्षात येतं.

ताई सोडून. पाखरांचं ताईला मी सगळं सांगते. ताईचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं, दिवसरात्र तिच्या खांद्यावर, आणि बाहेरच्या जगाची तिला येणारी एकमेव खबर म्हणजे माझा सकाळचा फोन. तिकडे बाळ रडत असायचं, म्हणून मी इकडून ओरडून बोलायची.

"ताई, शिंपी आला होता आज. अगदी खिडकीपाशी. मी पडद्याआडून बघत होते, त्याला पत्ताच नाही."

"कसा दिसतो गं?" ताईचा आवाज स्पीकरवर. कॅमेरा हातात असला की मी फोन स्टुलावर ठेवते.

"डोक्यावर तांबूस झाक आहे. उन्हात इतकी छान दिसते ना… पण मेला सारखी पाठच करतो. मला समोरून बघायचंय एकदा, नीट, चेहरा."

"मिळेल मिळेल. धीर धर."

"आणि मला वाटतं, घर करायच्या विचारात आहे. जागा पसंत पडलीय. इथेच राहिला तर काय मजा येईल. मी त्याच्यासाठी भिंतीवर कापूस ठेवलाय थोडा. बघू, घेतोय का."

मी फोन लावला की पलीकडच्या मागच्या खिडकीतलं मशीन थांबायचं. मला वाटायचं, काय सभ्य माणूस आहे, शेजारीण बोलतेय म्हणून काम थांबवतो.

कापूस ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी कापूस गायब, आणि त्याच जागी रंगीत दोऱ्यांचे तुकडे. पिवळा, गुलाबी, मोरपंखी… एका चिंधीत नीट गुंडाळलेले.

"दोरे तुम्ही ठेवलेत?" मी विचारलं.

"तुम्ही कापूस ठेवलात म्हणून," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मला वाटलं, ह्यालाही पाखरांची हौस लागली. मला इतकं बरं वाटलं, की मी दोऱ्यांतला गुलाबी एक तुकडा स्वतःकडेच ठेवला. पाखराला एक कमी पडला तर काय बिघडतं.

मग तो विचित्र वागायला लागला. सकाळी सकाळी इस्त्रीचा शर्ट. केस ओले, भांग पाडलेला. आणि कुंड्यांना पाणी घालताना हा माणूस खेकड्यासारखा आडवा चालायचा. माझ्याकडे पाठ म्हणून करायची नाही. नळापर्यंत जाताना आडवा, येताना आडवा. एकदा मागच्या बादलीला अडखळून पडता पडता वाचला, पण तोंड माझ्याकडेच.

"पाठ अवघडलीय का तुमची?" मी काळजीनं विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही… आपलं विचारलं."

त्यानं बादली सरळ केली. मग भिंतीपाशी येऊन, बोटानं भिंतीवरचा चुना खरवडत, म्हणाला, "कारखान्याला कळवलं मी. नाही म्हणून."

"का बरं? चांगलं काम होतं ना?"

"चांगलं होतं. पण इथे…" तो थांबला. "इथली हवा चांगली आहे."

त्या दिवशी स्टुडिओत मी एका बाईंना हसा म्हणाले. पासपोर्टच्या फोटोत. मालकांनी तो फोटो परत काढायला लावला.

आणि शेवटी एका सकाळी तो मिळाला. शिंपी. समोरून. चोचीत दोरा — मोरपंखी, भिंतीवरच्या चिंधीतला — मागे शिवलेली पानं, आणि डोळा थेट माझ्यावर. फोटोत एकही रेघ नाही. इतका आनंद झाला की नियमबियम विसरून मी कॅमेरा घेऊन भिंतीकडे धावले.

"बघा. बघा तर. कधीपासून ह्याच्या मागे आहे मी. आज चेहरा दिला बाबानं. आणि दोरा बघा कोणाचा आहे ते."

त्यानं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. "कोण हा?"

"शिंपी. आमचा शिंपी. पानं शिवून घर करतो ना, म्हणून. आपल्या ह्या अंजिरात आहे त्याचं घर. रोज ताईला ह्याच्याच तर गोष्टी सांगते."

तो बराच वेळ बघत राहिला. फोटो एवढा बघण्यासारखा आहे, ह्याचा मला अभिमान वाटला.

"टाके सरळ आहेत," तो म्हणाला. मग, "छान आहे. खरंच छान आहे." आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन, "गॅसवर काहीतरी आहे माझं," म्हणत आत गेला.

जाताना त्याची पाठ मला पहिल्यांदा दिसली. शर्टला मागे इस्त्रीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीशी आला नाही. तिसऱ्याही नाही. मागची खिडकी बंद. मशीनचा आवाज पुढच्या खोलीतून, लांबून यायला लागला. रस्त्यात दिसला तर, "बरं आहे ना?" एवढंच, आणि चालता व्हायचा. मी काय केलं, हे शोधून शोधून थकले. फोटो दाखवला, एवढंच तर. त्याला पक्ष्यांची भीती वाटत असेल का? दोरा मळला म्हणून राग आला असेल?

इकडे अंजिरात अंडी फुटली. पानांच्या पिशवीतून पिवळ्या कडांची उघडी तोंडं वर यायला लागली. शिंपी आणि त्याची बायको, दोघं अळ्या आणून आणून दमत होते.

"किती वेळा भरवते गं ती दिवसातून?" ताईनं विचारलं.

"मोजलं नाही. सारखंच चाललेलं असतं."

"तिला विचार, झोपते कधी. आणि तो? तोही भरवतो?"

"हो, आळीपाळीनं."

"हे तुझ्या भावजींना ऐकव जरा," ताई म्हणाली. मागून भावजी काहीतरी पुटपुटले, बाळ रडलं, फोन बंद झाला.

मग एक दिवस पिल्लं उडाली. आधी एक, मग धडपडत बाकीची. दुपारी अंजीर गप्प. शिंपी नाही, बायको नाही, वाऱ्यानं हलणारी रिकामी पिशवी तेवढी. मी दुसऱ्या सकाळीही चादरीत जाऊन बसले. त्याच्या पुढच्या सकाळीही.

त्या सकाळी पलीकडे काकू, म्हणजे त्याची आई, कपडे वाळत घालत होत्या. मला बघून जवळ आल्या.

"परवा टेंपो येतोय गं. मशीन जाणार. आधी नाही म्हणाला कारखान्याला, मग परत फोन करून हो म्हणाला. मला विचारू नकोस का. मला घरात कोणी काही सांगत नाही." त्यांनी एक उशीचा अभ्रा जोरात झटकला. "मी मागाहून जाणार. माझी हाडं आता कंटाळलीत बाई, बाडबिस्तरा उचलून."

संध्याकाळी ताईचा फोन आला. "आज शिंप्याचं काही नाही?"

"शिंपी गेला, ताई. पिल्लं उडाली. आणि… तो शेजारचाही चाललाय."

"कोण शेजारचा?"

मग मी सगळं सांगितलं. काज, दोरे, इस्त्रीचा शर्ट, आडवं चालणं, कारखान्याला नाही म्हणणं, फोटो बघून आत निघून जाणं. ताईनं मध्ये एकदाही टोकलं नाही. बाळ झोपलं असावं.

"तो काय करतो म्हणालीस?"

"टेलर आहे."

"आपल्या भाषेत सांग."

"म्हणजे?"

"अगं, टेलरला आपल्या भाषेत काय म्हणतात?"

"शिं…"

पुढचं अक्षर राहूनच गेलं. एकेक वाक्य आठवायला लागलं. पडद्याआडून बघत होते. तांबूस झाक. समोरून बघायचंय, चेहरा. इथेच राहिला तर काय मजा. कापूस ठेवलाय त्याच्यासाठी. आणि हे सगळं ओरडून… उघड्या अंगणात… थांबलेल्या मशीनच्या खिडकीखाली.

"ताई," मी म्हटलं, "मी आता घराबाहेर कशी पडू?"

ताई इतकी हसली की बाळ उठलं. मग, त्याला थोपटत थोपटत, हळूच म्हणाली, "ते सोड. तुला शिंपी गेल्याचं वाईट वाटतंय की शिंपी चालल्याचं, तेवढं मला सांग."

मी सांगितलं नाही. रात्रभर कूस बदलत राहिले. दुसरा दिवस नुसता गेला. मी वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्य माफी मागितल्यासारखं वाटत होतं, आणि मला माफी मागायची नव्हती.

तिसऱ्या सकाळी स्टुडिओत एका गृहस्थांना स्टुलावर बसवून, हनुवटी खाली, हलू नका, म्हणाले, आणि काचेतून गल्लीत टेंपो उलटा शिरताना दिसला.

मी धावले. पायांत चपला होत्या की नाही, ते आठवत नाही. मशीन टेंपोत चढलं होतं, पाय वर करून, दोरीनं अर्धवट बांधलेलं. ड्रायव्हर दोरीचं दुसरं टोक धरून उभा होता. काकू दारात. आणि तो, कात्र्यांची पिशवी पोटाशी धरून.

"तू जाऊ नको… नका," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

"जाऊ नका."

"त्याच्या आधी."

माझे कान गरम झाले. "मला एक सांगायचंय."

"पाखरांचं?"

"नाही. हो. आधी पाखराचं सांगते. तेव्हा मी खरंच पाखराबद्दल बोलत होते. मला माहीतही नव्हतं की तुम्हाला…"

"आमच्याकडे टेलर फक्त पाटीवर असतो," काकू दारातून म्हणाल्या. "ह्याचे वडील थोरले शिंपी, हा धाकटा शिंपी. लहानपणापासून."

"आई, तू आत जा."

"मी का आत जाऊ? माझं दार आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "ते कळलं मला फोटोतच. तुमची काही चूक नाही. मीच भिंतीला कान लावून बसलो."

"पण ते पाखरू गेलंय," मी म्हटलं. "घरटं रिकामं आहे. तरी मी रोज सकाळी मागे जाऊन बसते. काल तर कॅमेराही नेला नव्हता. तासभर बसले, आणि मग लक्षात आलं, की मी अंजिराकडे बघतच नाहीये. बंद खिडकीकडे बघतेय."

त्याच्या पिशवीतल्या कात्र्या वाजल्या.

"त्या सगळ्या गोष्टी मी पाखराबद्दल म्हणाले होते," मी म्हटलं. "आता त्या तुम्हाला म्हणतेय. सगळ्या. पडद्यामागची सोडून… नाही, तीसुद्धा."

"कापसाचीसुद्धा?"

"कापूस संपलाय. पण आणीन."

आता त्याचं ते गालात अडवलेलं हसू सुटलं. हळूहळू, आधी एका बाजूनं. मला वाटलं, हे जर ह्यानं कारखान्यात नेलं असतं, तर मला कधी दिसलंच नसतं.

"तुमचं दुकान उघडं टाकून आलात?" त्यानं विचारलं.

"एक गृहस्थ स्टुलावर आहेत. हलू नका म्हणून सांगून आलेय."

"कधी?"

"टेंपो दिसला तेव्हा."

"अहो, मग मान धरली असेल त्यांची."

"धरू दे."

"साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "दोरी बांधू का सोडू, तेवढं एकदा सांगा. हात दुखतोय."

तो माझ्याकडेच बघत होता. "सोडा," म्हणाला.

"आत्ता तर चढवलंय."

"सोडा म्हटलं ना."

ड्रायव्हरनं दोरी सोडली आणि आकाशाकडे बघून देवाला काहीतरी सांगितलं. कात्र्यांची पिशवी काकूंच्या हातात गेली. मशीनचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं मी. लोखंडाचा पाया चांगलाच जड असतो. तो उलटा चालत होता, मी सुलटी, आणि दोघांनाही पायांखाली बघायचं भान नव्हतं.

"सावकाश," तो म्हणाला. "पायरी आहे."

"दिसतेय मला."

"तू पायरीकडे बघत नाहीयेस."

"तूही नाहीयेस."

काकू दारातून बाजूला झाल्या. पिशवी खुंटीला अडकवून, पदरानं हात पुसून, त्या म्हणाल्या, "आता कुठे ठेवायचं ते तरी नीट ठरवा. परत परत नाही उचलणार कोणी. पुढे की मागे?"

"मागे," आम्ही दोघंही म्हणालो.